देवऋषीच्या मानेवरची पट्टी

माझी एक जुनी तक्रार आहे. ती ऐकून घ्यायला आजवर कुणाला सवड झाली नाही, म्हणून आता छापूनच टाकते. नर्सला माणसे आजार सोडून बाकी सगळे सांगतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी वडूजच्या दवाखान्यात नर्स होते. मूळची सांगलीची. नदीकाठी वाढलेली मुलगी नोकरीसाठी अशा मुलखात येऊन पडली, की जिथे पाहुण्याला पाणी देताना तांब्या किती भरलाय हे घरातली बाई डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून घेते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा आणि मागे चार खाटांची पडवी. डॉक्टरसाहेब, एक कंपाउंडर आणि मी, एवढी आमची फौज. साताऱ्याहून औषधांचे खोके यायचे ते कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने. ती मोटार चढावर थांबली की उतारू उतरून ढकलायचे आणि आमचा टिंक्चर आयोडीन रस्त्यातच सांडायचा.

रोगी घरून बाटली घेऊन येत. कंपाउंडर तीत लाल औषध भरी आणि बाहेरून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवी. पट्टीचा एक दात म्हणजे एक डोस. लोकांचा विश्वास बाटलीवर थोडा, सुईवर बराच आणि बोलण्यावर सर्वांत जास्त. डॉक्टरसाहेबांपुढे बोलायची सोय नव्हती. ते जीभ बघत, पोट दाबत आणि चिठ्ठी लिहून पुढच्याला हाक मारत. मग तोच रोगी माझ्याकडे येई, जखम धुवायला नाहीतर सुई टोचून घ्यायला, आणि त्याचा हात एकदा माझ्या हातात आला की तोंड सुरू होई.

बायकांची ठरलेली तक्रार म्हणजे पोटात गोळा उठतो. या गोळ्याचे औषध मला कुणी शिकवले नव्हते. हळूहळू मीच शिकले. गोळा पोटात असला तर दाबल्यावर बाई ओरडते, आणि गोळा घरातला असला तर हात लावायच्या आधीच रडते. दुसऱ्या जातीचा गोळा निघाला की मागे रांग तशीच उभी ठेवून सासू, दीर, सवत, वाटण्या असे सगळे ऐकावे लागे. शेवटी ती डोळे पुसून म्हणे, "बरं वाटलं बगा बाई," आणि औषधाची बाटली माझ्या टेबलावर विसरून जाई. कंपाउंडर चिडायचा, मी त्याच्याहून चिडायचे.

एक पेन्शनर हवालदार होते. पहिल्या लढाईत इराकात बसऱ्याकडे जाऊन आलेले, आता मुलगा दुसऱ्या लढाईत. पेपरात लढाईची मोठी बातमी आली की यांच्या छातीत कळ. मी नाडी धरायची आणि त्यांनी वाळवंटातली पायपीट सांगायची. नाडी चांगली टकटकीत चालायची. पण मी हात सोडू लागले की ते दुसऱ्या हाताने माझे मनगट धरत आणि म्हणत, "थांबा की, अजून नदी यायची हाय." मागे ओट्यावर पोर तापाने फणफणत असे आणि मी इथे बसऱ्याच्या नदीची वाट बघत असे.

शिपायांच्या बायका तर टपालाच्या दिवशी हमखास यायच्या. पत्र आले तर वाचून घ्यायला आणि नाही आले तर विचारायला, "येतील न्हवं बाई?" मी म्हणे, "येतील हो, टपाल लांबून येतं." दिवसातून किती वेळा म्हणे ते देव जाणे. माझा स्वतःचा धाकटा भाऊ, मधू, पलटणीबरोबर सिंगापूरकडे गेला होता आणि सिंगापूर जपान्यांच्या हातात गेल्यापासून त्याचे एक अक्षर आले नव्हते. हे वडूजात कुणाला ठाऊक नव्हते. मी सांगितले नव्हते, आणि खरे म्हणजे कुणी विचारलेही नव्हते. दुसऱ्याचे विचारायचे तर माणसाला आधी आपले बोलणे थांबवावे लागते, आणि ते आमच्या ओट्यावर कधी थांबत नसे.

असे हे माझे सेवेचे समाधान. आता ज्याच्यासाठी लिहायला बसले त्याच्याकडे येते.

वडूजच्या पूर्वेला माळावर धनगरांची एक वाडी होती. तिथे बिरोबाचे दगडी देऊळ, आणि देवळात दर रविवारी धुळाप्पा बसायचा. धुळाप्पा देवऋषी. वय पन्नाशीच्या आतबाहेर, काटक, कमी बोलणारा. डोक्याच्या मागून मनगटाएवढी जाड जट निघून कमरेपर्यंत लोंबत होती. त्याच्या अंगात बिरोबा यायचा. ज्याच्या अंगात देव येतो त्याला तिकडे झाड म्हणतात. देव झाडावर येतो, लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देतो, निघून जातो, आणि मग झाडाने उठून आपली मेंढरे बघायची.

या माणसाचा मला भयंकर राग होता. कारण माझ्याकडे येणारा रोगी आधी त्याच्याकडे जाऊन आलेला असे. कपाळाला भंडारा, गळ्यात काळा दोरा, आणि आजार हाताबाहेर गेलेला. एक कोवळी बाळंतीण अशीच आली. ताप चढलेला, शुद्ध जात-येत होती. आम्ही करायचे ते केले, पण ती गेली. तिच्या अंगाला भाजलेल्या हळदीसारखा भंडाऱ्याचा वास येत होता आणि तो वास माझ्या डोक्यात बसला.

पुढच्या रविवारी मी तशीच तणतणत वाडीवर गेले. तोवर देव येऊन गेला होता आणि माणसे पांगत होती. मी धुळाप्पाला चारचौघांत नको नको ते बोलले. तो देवळाच्या पायरीवर मान खाली घालून बसला होता. एका शब्दाने त्याने उलट उत्तर दिले नाही. त्याची बायको बायना पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या पोरीला पयल्याच दिशी सांगितलं हुतं, बाईकडं न्ह्या म्हनून. तिच्या माणसांनी न्हेली न्हाई. ह्यो सांगनार न्हाई तुमास्नी, म्हनून मी सांगती."  तणतणत गेले होते, तशीच तणतणत परत आले, पण आता राग कुणावर काढावा ते कळेना. त्यानंतर वाडीकडून येणारे रोगी लवकर येऊ लागले, एवढे खरे. तापाचा माणूस समोर आला की देवसुद्धा आधी विचारी, "बाईकडं जाऊन आलास का?" असे मला कंपाउंडरने हसत हसत सांगितले. मला हसू आले नाही. माझी रांग वाढली होती.

मग एके दिवशी बायना दवाखान्यात आली. म्हणाली, मानेला गळू झालंय, ठणकतंय, औषध द्या. मी पदर बाजूला केला. मान स्वच्छ. कुठे पुळीसुद्धा नाही. मी विचारले, "कुठं आहे गळू?" तर म्हणाली, "हाय की." आता हा आमच्या धंद्यातला एक जुना ताप. निम्मे रोगी दुसऱ्याच्या वतीने येत. सासऱ्याचा खोकला सून खोकून दाखवी, नवऱ्याचे हगवणीचे औषध बायको स्वतःच्या नावावर नेई, कारण पुरुषाने दवाखान्यात बसायचे म्हणजे कमीपणा. मी बायनाला सरळ विचारले, "धुळाप्पाला झालंय ना?" तिने इकडेतिकडे पाहिले आणि मान डोलावली. वर म्हणाली, "कुनाला बोलू नगा. देवऋषीच दवाखान्यात ग्येला तर लोकं काय म्हनतील?"

न बघता औषध देत नाही, असे सांगून मी तिच्याबरोबर निघाले.

धुळाप्पा घोंगड्यावर पालथा पडला होता. अंगात ताप. मी जट उचलली. मानेवर, जट जिथे उगवते तिथेच, तळव्याएवढी लालकाळी सूज, आणि तिच्यावर चाळणीसारखी भोके. काळपुळी. आज पेनिसिलीनच्या जमान्यात या शब्दाला कुणी घाबरत नाही. तेव्हा मानेवरची काळपुळी म्हणजे घरचे लोक भाऊबंदांना बोलावणी धाडत. विष आत मेंदूकडे चढले की माणूस गेलाच. तिला चिरून घाण मोकळी करावी लागे, रोज धुऊन पट्टी करावी लागे, आणि नशिबाने सल्फाच्या गोळ्या शिल्लक असल्या तर द्यायच्या. पण चिरायची कशी? वर जट. आधी जट काढायला हवी होती.

मी हे सांगितले तेव्हा त्याने पालथ्यानेच मान हलवायचा प्रयत्न केला, ती हलेना, मग हात हलवला. "जट माजी न्हाई बाई. द्येवाची हाय," तो म्हणाला. "जे माजं न्हाई ते मी कसं देऊ?"

मी म्हटले, मग देवाला विचार. यावर बायनाने तोंडावर पदर धरला, जणू मी काही तरी अचाट बोलले होते. बायनाने मला समजावून सांगितले, आणि ते समजल्यावर मी कपाळाला हात लावला. देवाची परवानगी देवच देणार. देव बोलणार धुळाप्पाच्या तोंडून. आणि झाडाने स्वतःसाठी देवाला काही विचारायचे नाही, असा दंडक. मेंढरू हरवले, पोरगी नांदत नाही, विहिरीला पाणी लागत नाही, सगळ्यांचे सगळे विचारायचे. झाडाला ठेच लागली तरी त्याने विचारायचे नाही. विचारले तर देव झाड सोडतो.

"मग दुसरं कुणी विचारावं," मी म्हणाले. बायनाने सांगितले की ती बायको, म्हणजे ती झाडाच्याच घरची, तिला चालत नाही. मग मी वाडीतल्या दोन-तीन जाणत्या माणसांना गाठले. एकेकाने कानावर हात ठेवले. देवाला राग आला तर? देव नाही म्हणाला तर? एकजण मात्र खरे बोलला. तो म्हणाला की जट गेली आणि देव यायचा थांबला, तर आमी कुनाकडं जायाचं? धुळाप्पा मेला तर कुणाकडे जाणार, हे मी त्याला विचारले. त्यावर तो म्हणाला, देव काय तरी करंल.

मी हट्टाने एक वाट काढून बघितली. औंधला यमाईचा कौल लावतात. देवीला कळ्या चिकटवायच्या आणि उजवी पडते की डावी ते बघायचे. म्हटले, तो लावून आणा, उजवी पडली की मी कात्री घेते. बायना म्हणाली, "आवं, यमाईचा कौल बिरुबाला कसा चालंल?" साताऱ्याच्या कचेरीत एका खात्याची सही दुसऱ्या खात्याला चालत नाही, तसाच तिचा आवाज होता. मी हात टेकले.

डॉक्टरसाहेबांना येऊन सांगितले तर ते माझ्यावरच उखडले. "त्याला आणा, मी दहा मिनिटांत मोकळी करतो. पण केसांच्या त्या दोरखंडातून मी चिरणार नाही. आणि मागाहून वाडी दवाखान्यावर दगड घेऊन आली तर बघायला तुम्ही पुढे व्हा." त्यांचेही चुकले नव्हते. सगळेच आपापल्या जागी बरोबर होते आणि मधल्यामध्ये एक माणूस मरत होता. मी रोज जवसाच्या गरम लगद्याचे पोटीस घेऊन वाडीवर जात होते, जट वर उचलून धरायला बायनाला सांगत होते आणि शेकत होते. सूज खाली खांद्याकडे उतरत होती. मान आता वळतच नव्हती.

रविवार आला. मला वाटले, आज तरी हा माणूस पडून राहील. सकाळी पिशवीत पोटिसाचे सामान घालून गेले तर हा देवळात बसलेला. अंगावर घोंगडी, समोर भंडाऱ्याचे ताट, आणि पुढे नेहमीसारखी गर्दी. माणदेशापासून माणसे आली होती. मी बायनाला विचारले, तुम्ही बसू कसं दिलंत? ती म्हणाली, "लांबलांबनं लोकं आल्याती. माघारी कसं लावायचं?" तो कण्हत होता हे पहिल्या ओळीतल्या माणसांना ऐकू येत होते. पण कुणी उठून गेले नाही.

ढोल वाजला. धुळाप्पाचे अंग थरथरू लागले. तापाने की देवाने, ते मला कळायला मार्ग नव्हता. मग लोक एकेक पुढे येऊ लागले. नारळ ठेवायचा, भंडारा कपाळाला लावायचा आणि विचारायचे. एकाची म्हैस गाभण राहत नव्हती. एकीचा मुलगा पलटणीत होता आणि टपाल नव्हते. एकाला भावाशी मोट वाटून घ्यायची होती. देव तुटक तुटक उत्तरे देत होता आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याचा श्वास घरघरत होता. मान ताठ, डोळे लाल. मी भिंतीशी उभी राहून हे बघत होते आणि माझे डोके उठत होते. आमचा ओटाही असाच, आणि ही रांगही तशीच. फरक एवढाच की मी निदान चिडत तरी होते.

म्हशीवाला पुन्हा पुढे आला. त्याला दुसऱ्या म्हशीचे विचारायचे राहिले होते.

मग मला राहवले नाही. मी चपला काढल्या, गर्दीतून पुढे गेले आणि म्हशीवाल्याला दंडाला धरून बाजूला केले. कपाळाला भंडारा लावला. नारळ नव्हता, म्हणून पिशवीतली जवसाची पुडी ताटापुढे ठेवली. एक म्हातारा मागून म्हणाला, "बाई, तुमचं काय इचारायचं आसंल तर रांगंत या."

"माझं नाही विचारायचं," मी म्हणाले. आणि मग देवाकडे वळले. "देवा, या झाडाच्या मानेवर काळपुळी झालीय. जट काढली नाही तर तुमचं झाड मरेल. काढू का, ते सांगा."

 ढोलवाल्याचा हात थांबला. तो म्हातारा पुटपुटला, "झाडाचं इचारत न्हाईत." का, म्हणून मी विचारले, तर म्हणाला, "तसं कुनी इचारत न्हाई." एवढेच त्याचे कारण होते.

धुळाप्पाची थरथर कमी झाली. त्याने माझ्याकडे पाहिले. मग आवाज आला, आतापर्यंतच्या आवाजाहून खालचा. "आजवर झाडाचं कुनी इचारलं न्हाई." मग म्हणाला, "काढ. जट माजी हाय, मी माजी माघारी घ्येतो. पर तुज्या हातानं काढ. आन भुईला टेकू दिऊ नगं."

आणि तो पुढच्या पुढे ताटावर पडला.

बैलगाडीत घालून त्याला वडूजला आणला. गाडीमागून निम्मी वाडी चालत आली. डॉक्टरसाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारले की तो शुद्धीवर होता का, खरोखर देव बोलला की ताप बोलला. मी म्हटले, त्या वेळी मी थर्मामीटर लावलेला नव्हता, परवानगी मिळाली आहे, तुम्ही हात धुवा. त्यांनी बाह्या वर सारल्या.

जट मी कापली. दवाखान्याची कात्री पट्ट्या कापून कापून बोथट झालेली, आणि जट म्हणजे वर्षानुवर्षे तेल, हळद, धूळ बसून घट्ट झालेली लोकर. कापता कापता माझ्या अंगठ्याला फोड आला. बायना पदर पसरून खाली उभी होती. शेवटचा तंतू तुटला आणि जट तिच्या पदरात पडली, तेव्हा तिने ती उराशी धरली आणि मोठ्याने रडली.  डॉक्टरसाहेबांनी चीर दिली, घाण मोकळी झाली, आणि त्या वासाने कंपाउंडर बाहेर पळाला. धुळाप्पा खाटेची कड धरून पडला होता. एकदाही ओरडला नाही.

पुढचे काही दिवस कठीण गेले. ताप उतरेना. सल्फाच्या गोळ्या जेमतेम होत्या, त्या मी मोजून, भरपूर पाणी पाजून दिल्या. एका सकाळी त्याचे कपाळ घामाने ओले लागले आणि त्याने भाकरी मागितली. मी पडवीच्या मागे जाऊन तोंड धुतले आणि परत कामाला लागले.

आता तुम्हाला वाटेल, वाडीने माझे पाय धरले असतील. छे. बिरोबाने आपले झाड वाचवले, असे साऱ्या मुलखात झाले. त्याचे मला काही नव्हते. पण लोकांनी दवाखान्यातच रांग लावली! झाड पडवीत खाटेवर पालथे पडलेले, आणि खिडकीच्या गजांतून माणसे विचारताहेत, आप्पा, पोरीचं कसं करू, आप्पा, आवंदा बाजरी कवा पेरू. आणि तो पालथ्यानेच उत्तर देतोय. मी बेडपॅन हातात घेऊन खिडकीकडे धावले तेव्हा पांगले. धुळाप्पाला मी विचारले, तुला कंटाळा कसा येत नाही? तो म्हणाला, "येतो की. लय येतो." मग म्हणाला, "पर ती कुठं जातील?" मला या उत्तराचा फार राग आला, कारण माझ्याकडेही याहून वेगळे उत्तर नव्हते.

रोजची पट्टी माझ्याकडे. तो स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसे आणि मी मागे उभी राहून जखम धूत असे. पुष्कळ वेळ लागे. एरवी माझ्या हाताखाली आलेला माणूस बोलत सुटतो, हा मात्र बोलत नसे. ओट्यावर गलका आणि इथे मागे शांतता. मला ती सवय नव्हती, पहिल्यांदा अवघडच वाटले.

एकदा असाच पाठमोरा बसून तो म्हणाला, "बाई, तुमचं कोन हाय लांब?"

 मी म्हटले, कुणी नाही, मान हलवू नकोस.

"टपालवाला आला की तुमी हात धुवाया आत जातासा," तो म्हणाला. "हात धुतलेलं आसलं तरी बी."

मी पट्टीचे टोक शोधत राहिले. मला त्याला रागवायचे होते. उगीच नको त्या गोष्टीत नाक खुपसू नकोस, एवढे वाक्य तयारही होते. पण तोंडातून निघाले ते भलतेच. मधू लहानपणी कृष्णेत पोहायला जाऊन चड्डी हरवून आला होता, आणि आईच्या भीतीने माझ्या परकराच्या मागे लपून घरात शिरला होता, हे मी सांगितले. मग सिंगापूरचे सांगितले. लोकांना दिवसभर 'येतील हो' म्हणते आणि मला स्वतःला ते खरे वाटत नाही, हेही सांगितले. हे मी आईलासुद्धा बोलले नव्हते. तो ऐकत होता. त्याने मागे वळून पाहिले नाही. पाहणार कसा, मान वळत नव्हती. बरे झाले, नाहीतर मी गप्प झाले असते.

मग रोज थोडे थोडे झाले. त्याने कधी 'येईल' म्हटले नाही. भंडारा दिला नाही. एकदाच विचारले, "ह्ये द्येवाला इचारायचं का?" मी नको म्हटले.

"बरं," तो म्हणाला. "मग मलाच सांगा."

तो घरी गेल्यावर दिवसाआड पट्टीसाठी चालत यायचा, रांगेत बसायचा आणि पट्टी होईतो माझे ऐकायचा. जट गेल्यावर काही लोक दुसऱ्या देवऋषीकडे जाऊ लागले. त्याला त्याचे दुःख नव्हते, आणि बायनाला तर आनंदच झाला. रविवारी संध्याकाळी नवरा घरी जेवायला मिळतो, म्हणाली. उरलेल्यांसाठी तो डोक्याला मुंडासे बांधून बसे, आणि देव येई की नाही ते मी कधी विचारले नाही. मात्र तो म्हातारा, मला रांगेत या म्हणणारा, दर रविवारी आता सुरुवातीलाच पुढे होऊन झाडाचे विचारतो, असे बायनाने सांगितले. दंडक बदलायला एवढेच लागत होते.

माझा भाऊ परत आला नाही. ते नक्की कळायला लढाई संपावी लागली. टपालाच्या दिवशी मी पुढेही 'येतील हो' म्हणत राहिले. दुसरे काय म्हणणार? ओट्यावरचा गलका माझ्या बदलीपर्यंत तसाच होता आणि त्याने माझे डोके उठायचे ते अखेरपर्यंत उठत राहिले. हवालदारांची नदी तर शेवटपर्यंत आली नाही.

धुळाप्पाची जखम मात्र छान भरली. तळापासून कोवळी कातडी आली, कोरडी झाली. एके दिवशी मी पट्टी सोडली आणि बघितले, आता बांधायला काही उरले नव्हते. लढाईचे दिवस, कापूस-पट्टीची ओढाताण. त्याला तसेच मोकळ्या मानेने घरी लावायला हवे होते.

मी नवी पट्टी घेतली आणि बांधू लागले. तो मान ताठ धरून बसला. आता ती वळत होती, हे दोघांनाही माहीत होते. "परवा ये," मी म्हणाले. "व्हय," तो म्हणाला, आणि परवा आला.